ते हाय, पण पायऱ्या किती?

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. त्या मी कधी मोजल्या नाहीत. मोजण्याची वेळच आली नाही. मी इथे राहायला आल्यापासून गेली तीन वर्षे रोज सकाळी साडेसातला समोरचे दार उघडते आणि एक भरदार आवाज ती संख्या साऱ्या इमारतीला जाहीर करतो.

"पायऱ्या सुरू! चौदा! डाव्या हाताला कठडा! सातवीला वळण, वळणावर वैनींची तुळस! खाली कुत्रं झोपलंय, काळं! शेपूट पायरीवर हाय, शेपूट!"

कुस्तीच्या मैदानात कोण पैलवान कुठून आला, कोणाचा पट्ठा, कोणता डाव टाकतो हे कर्ण्यावरून सांगणारा निवेदक असतो, तशा चढत्या सुरात हे सगळे सांगितले जाते. मैदानात निदान दोन पैलवान तरी असतात. आमच्या जिन्यात एक कुत्रे, एक तुळस आणि निवेदन करणारे भूपालअण्णा. त्यांच्या मागे दोन पायऱ्या अंतर ठेवून, पदर सावरत, चेहऱ्यावर मंद हसू घेऊन पद्माक्का उतरत असतात. देवदर्शनाला निघालेले हे जैन जोडपे बसदीच्या दारापर्यंत असेच जाते. पुढे आवाज, मागे शांतता.

या निवेदनातून कोणाचीही सुटका नाही. एका रविवारी मी पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन येत होते. शेजारधर्म म्हणून डब्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर कोथिंबिरीची जुडी असा सारा बंदोबस्त केला होता. अण्णा दारातच उभे होते.

"वैनी आल्या! हिरवी साडी, मोरपिशी काठ. हातात पिशवी. पिशवीत कोथिंबीर." मग नाक किंचित वर करून ते थांबले. "कोथिंबिरीखाली काय हाय, ते मी सांगत न्हाय."

वरच्या मजल्यापर्यंत हशा पिकला. अक्काही दाराच्या चौकटीला टेकून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मी मात्र आठवडाभर पिशवी पोटाशी धरून जिना चढत होते.

शाहूपुरीत अण्णांचे पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचे दुकान होते. आता ते पुतण्या पाहतो. दुकानात वॉशर मागायला आलेल्या शेतकऱ्याला अण्णा आधी विहिरीची खोली विचारत, मग पाइपाचे वय, मग पंप बसवणाऱ्याचे नाव. गिऱ्हाईक वैतागून म्हणे, "अण्णा, वॉशर पायजे, सोयरीक न्हवं." त्यावर अण्णांचे उत्तर ठरलेले असे, "वस्तू एकदाच द्यायची. परत आणायला लागली तर ती मी दिली न्हवती असं समज." माणूस दुकानातून निवृत्त झाला, खात्री करण्याची खोड निवृत्त झाली नाही. ती तीन वर्षांपूर्वी जंगलात शिरली.

त्याचे झाले असे. पद्माक्कांचे माहेर पेठ वडगावच्या बाजूचे. तिथली काळी, सपाट, सुपीक जमीन. दृष्टी जाईल तिकडे ऊस. माणसाच्या उंचीहून थोडा अधिक वाढावा आणि वाढला की तोडला जावा, एवढेच त्या हिरव्या रंगाचे आयुष्य. एका दुपारी आमच्या गच्चीवर सांडगे घालताना अक्का म्हणाल्या, "जल्मभर मी वरचा तुरा दिसणारंच रान बघितलं. एकदा असं झाड बघायचंय, की मान मोडंस्तवर वर बघितलं तरी शेंडा दिसू नये."

अण्णा तिथेच उभे होते. सांडग्यांवर कावळा येतो की नाही याचे निवेदन चालू होते. ते मध्येच थांबले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक नवी वही आणली, तिच्यावर 'जंगल' असे लिहिले आणि मला म्हणाले, "अक्काला जंगल दाखवायचं. एकदाच जायचं, वैनी. एकदाच जायचं म्हणल्यावर चुकून चालत न्हाय."

तेव्हापासून कोणी जंगलातून परतला, की त्याची अण्णांपुढे साक्ष सुरू होई. वरच्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ चांदोलीहून आले, ते आयुष्यातला पहिला बिबट्या पाहून. सायंकाळी त्यांनी साऱ्यांना जमवले. पिवळ्या गवतातून आधी कान कसे हलले, मग पाठीवरचे ठिपके उन्हात कसे वाहत गेले, हे ते इतके रंगून सांगत होते की आम्ही श्वास रोखला होता. बिबट्याने वळून त्यांच्याकडे पाहिले, त्या क्षणी अण्णा म्हणाले, "ते हाय. पण पायऱ्या किती?"

"कसल्या पायऱ्या?"

"राहायच्या खोलीला. गाडीतनं उतरल्यापासनं."

"अण्णा, मी बिबट्या बघितला!"

"बिबट्या काय, येणार आणि जाणार. पायऱ्या तिथंच राहणार. कठडा हाय का? कुठल्या हाताला?"

बिबट्या त्या दिवशी बिचारा गवतातच राहिला. हळूहळू "ते हाय, पण पायऱ्या किती?" हे आमच्या इमारतीचे पालुपद झाले. कोणी नवी नोकरी लागल्याचे सांगो, कोणी लेकीला आलेले स्थळ, दुसऱ्या टोकाहून कोणीतरी हटकून विचारी, "ते हाय, पण पायऱ्या किती?" अण्णा स्वतः त्यात सर्वांत मोठ्याने हसत आणि वही उघडून पुन्हा पुढचा प्रश्न विचारत.

वहीत एकेका जंगलाला दोन-दोन पाने होती. दांडेलीचे पान "तिथलं कन्नड आपल्या कन्नडासारखं न्हाय" या शेऱ्यानिशी बंद झाले. सागरेश्वरपुढे लिहिले होते, "हरणं झ्याक. झाडं अक्काच्या मापाची न्हाईत." आंबोलीच्या पानावर नुसता प्रश्न होता, "धुकं?" आणि त्या प्रश्नाखाली दोन ठसठशीत रेघा. धुक्याशी या माणसाचे काय वैर असावे, हे मला उमगले नाही.

त्याहून गमतीचे त्यांचे दूरध्वनी. जंगलाकाठच्या मुक्कामाच्या ठिकाणांना ते सकाळपासून फोन लावीत. खोली कशी, जेवण काय, हे प्रश्न मागाहून. पहिला प्रश्न ठरलेला.

"नमस्कार. कोल्हापुरास्नं बोलतोय. तुमच्यात सूर्य किती वाजता मावळतो?"

पलीकडून एकदा उत्तर आले, "तुमच्यात मावळतो तवाच की, पावणं. आमचा काय येगळा हाय व्हय?"

याचे आम्हांला नवल वाटले नाही. अण्णांच्या घरी सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात जात नाही. हा त्यांच्या धर्माचा नेम साऱ्या इमारतीला ठाऊक होता. हिवाळ्यात पावणेसहालाच त्यांच्या स्वयंपाकघरातून ताटांचा आवाज येई आणि सहाच्या सुमारास भांडी घासलेली असत. मुक्कामी ठिकाणी जेवण वेळेत मिळेल ना, याची त्यांना काळजी, असे आम्ही समजलो. समजण्यासारखी गोष्ट समोर असली, की माणूस तिच्यामागे काय आहे ते बघायला जात नाही.

जंगल ठरण्याआधी जंगलाची रंगीत तालीम झाली. टाऊन हॉलच्या बागेत जुने, प्रचंड वृक्ष आहेत. अण्णा एका दुपारी अक्कांना आणि मला तिथे घेऊन गेले. फाटकापासून बाकापर्यंत चालायला किती वेळ लागतो, हे त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. पुन्हा फाटकाशी नेले, पुन्हा चालवले. "डावीकडं मूळ वर आलंय! पाय उचलून! आता सपाट!" फिरायला आलेली माणसे थबकून पाहू लागली. शेंगदाणे विकणाऱ्या बाईने विचारले, "मामा, शूटिंग हाय काय?" मला ओशाळल्यासारखे झाले. अक्का मात्र बाकावर शांत बसल्या होत्या. वर फांद्यांना लोंबकळणाऱ्या वटवाघळांचा कलकलाट चालला होता. वाळलेल्या पाल्याला उन्हाचा तुरट वास होता.

"एवढ्या गलक्यात एकच पोपट हाय," अक्का म्हणाल्या. "आणि तो मागच्या झाडावर हाय."

मी मागे वळून शोधू लागले. पोपट दिसायला मला बराच वेळ लागला.

असे तीन हिवाळे गेले. वही भरत आली. एकदा तूर निवडत बसलेल्या अक्कांनी ताटातला खडा बोटांच्या टोकाने अचूक टिपला, दूर फेकला आणि हलकेच म्हणाल्या, "पोरी, ह्यांना म्हणावं, जंगलं पुष्कळ हैत. दिवसच तेवढं न्हाईत."

मला वाटले, उतारवयाचे बोलणे. तरी त्या स्वरात असे काही होते, की मी त्याच संध्याकाळी अण्णांच्या दारात जाऊन उभी राहिले. "या शनिवारी. गाडी मी चालवीन. जंगल तुम्ही सांगा. नाही सांगितलेत, तर मी नेईन तिथे यावे लागेल."

दुसऱ्या कोणी निवडलेले वॉशर बसवण्याची कल्पनाच अण्णांना सोसणारी नव्हती. रात्रीतून निर्णय झाला. राधानगरी. अभयारण्याच्या कडेला सदबा नावाच्या शेतकऱ्याने घरालगत दोन खोल्या बांधल्या होत्या. पायऱ्या तीन, कठडा उजवीकडे. घरापासून दहा मिनिटांच्या पायवाटेवर एक जुने, उंच झाड होते. ते तीन माणसांच्या कवेत मावत नसे. सूर्यास्त सहा वाजून सात मिनिटांनी, असे दिनदर्शिका सांगत होती. सदबानेही "तेवढंच असंल की" म्हणून दुजोरा दिला होता.

शनिवारी आम्ही निघालो. गळिताचे दिवस होते. उसाने वाकलेल्या बैलगाड्या, चिपाडांचा चुरा, गुऱ्हाळाकडून येणारा कोमट गोड धूर. अण्णा पुढच्या आसनावरून मागे मान करून सारा रस्ता सांगत होते. "आता नदी! पाणी कमी, हिरवट. काठावर म्हशी, सात. एक पांढऱ्या कपाळाची!" मी गाडी चालवीत होते आणि मनात म्हणत होते, की या माणसाने अक्कांना घटकाभर स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे.

साडेतीनला पोहोचलो. झाडाकडे लगेच निघायचे ठरले होते. पण तीन पायऱ्यांतली मधली इतर दोन पायऱ्यांहून दोन बोटे उंच निघाली, आणि अण्णांमधला दुकानदार जागा झाला. त्यांनी पायऱ्या मोजल्या, मापल्या, कठडा हलवून पाहिला. खोलीच्या दारापासून न्हाणीपर्यंत पावले टाकली. ती अकरा भरली. पलंग सरकवून घेतला, मग पुन्हा टाकली. ती नऊ भरली.

"पावणं, भिंती मोजून झाल्या की सांगा. च्या ठेवतो," सदबा ओसरीवरून म्हणाला.

सव्वा तास गेला. पावणेपाचला सूर्य समोरच्या डोंगराला टेकला, आणि आम्ही पाहत असताना पलीकडे उतरला. अंगणातला सोनेरी चौकोन कोणी दुमडून न्यावा तसा नाहीसा झाला. झाडीतून ओल्या मातीचा गार वास वर आला.

अण्णांनी आधी आकाशाकडे पाहिले, मग घड्याळाकडे. "हे काय? अजून सव्वा तास हाय!"

"आमच्यात असंच," सदबा म्हणाला. "मधी डोंगर हाय न्हवं?"

"मग फोनवर का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही सूर्य इचारला. डोंगर कुठं इचारला?"

सपाट मुलखातल्या माणसाचा सूर्य उसाच्या शेवटच्या तुऱ्यापर्यंत दिसत राहतो, मगच मावळतो. त्याचा दिवस कोणी मधूनच उचलून नेईल, ही शंका वहीच्या एकाही पानावर नव्हती. आतून सदबाच्या घरधनिणीने विचारले, की दिवस बुडाला, आता पावण्यांना जेवायला चालतंय का न्हाय? त्यावर अण्णांचा आवाज चढला. सूर्य आड गेला आहे, मावळलेला नाही. तो पलीकडे कोकणात अजून लखलखीत आहे. सदबाचे म्हणणे पडले, की कोकणातल्या सूर्यावर इथे भाकरी कशी खायची?

हा वाद अर्ध्या तासाहून लांबला, तशी मी अक्कांना म्हटले, "चला, आपण पुढे होऊ. झाड पाहून येऊ." त्या क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, "चल."

पायवाट उतरती होती. उजेड मऊ झाला होता, करड्या रेशमासारखा; वाटेकडेच्या पानांवरच्या शिरा मला अजून दिसत होत्या. मी पुढे, त्या मागे. वीस-पंचवीस पावलांवर मागची चाहूल थांबली. वळून पाहिले, तर अक्का वाटेच्या मधोमध उभ्या होत्या. एक हात हवेत पुढे आला होता आणि बोटे काहीतरी शोधत होती. त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

"लई अंधार पडला का गं?"

मी परत जाऊन त्यांचा हात धरला. माझ्या मनात चौदा पायऱ्या एकेक करून उजळत गेल्या. काळे कुत्रे, मोरपिशी काठ, पांढऱ्या कपाळाची म्हैस. धुक्यापुढचे प्रश्नचिन्ह. माझी साडी रोज कोणासाठी सांगितली जात होती, हे मला त्या वाटेवर कळले.

"तीन वर्सं झाली," अक्का सहजपणे म्हणाल्या, जणू सांडग्यांबद्दलच बोलत होत्या. "डोळ्याच्या पडद्याचं काय ते हाय. उन्हात दिसतंय, नळीतनं बघितल्यावानी. सांज झाली की मिटलं. नळीबी बारीक व्हत चाललीया. डॉक्टर म्हणालं, काय बघायचं ते बघून घ्या."

"आम्हांला कोणालाच कसे कळले नाही?"

"कळू दिलं न्हाय की. मी ह्यांना म्हणलं, लोकं कीव करतील, मला ते सोसायचं न्हाय. तर म्हणालं, कीव कशाला, हसू दे. हसायला मी हाय की." त्या किंचित हसल्या. "दुकानात पंपाबिगर दिसभर दहा शब्द न बोलणारा माणूस, पोरी. रोज जिन्यात वरडताना पैल्यांदा पैल्यांदा घाम यायचा त्यांना."

मागून धावती पावले ऐकू आली. अण्णा येत होते. पायात चप्पल नव्हती, हातात विजेरी होती. आम्हांला पाहून ते थांबले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सारे कळले असावे. प्रथमच मी त्यांच्या तोंडून हळू आवाज ऐकला.

"माझा सव्वा तास गेला, वैनी. पायऱ्या मोजण्यात." विजेरी चाचपत ते पुढे म्हणाले, "तीन वर्सं गेली. चांगलं निवडाय गेलो, आणि तेवढ्यात तिचा उजेडच निम्मा केला."

"उद्या सकाळी ऊन येईल, अण्णा," मी म्हटले. माझेच शब्द मला अपुरे वाटले.

"आता इथवर आलोय तर चला की," अक्का म्हणाल्या. "झाड काय ऑफिस हाय व्हय, पाचला बंद व्हायला?"

त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. तो ज्या सवयीने नेमका तिथे पडला, त्यावरून कळत होते, की बंद दारामागे तो रोज तिथेच असतो. अण्णा वाट सांगत पुढे निघाले. या वेळी जाहीर नव्हे, एका माणसापुरती. "मूळ हाय. हां. आता दगुड, डावीकडनं." मी मुद्दाम मागे राहिले.

झाडाशी पोहोचलो तोवर त्या दाट झाडीखाली माझ्याही डोळ्यांपुढचे रंग विझले होते. अक्कांनी दोन्ही तळवे बुंध्यावर ठेवले. सालीच्या खरखरीत भेगांतून बोटे फिरवली, गाल टेकवला, दीर्घ श्वास घेऊन वास घेतला. मग बुंध्याला हात लावूनच त्या त्याच्याभोवती चालू लागल्या. पुरी फेरी व्हायला बराच वेळ लागला. दूर कुठेतरी एक जड पाय पाचोळ्यात पडला, मग पाण्याचा आवाज झाला. "गवा हाय," अक्का म्हणाल्या. "एकच. पाणी पितोय." अण्णांनी त्या दिशेला पाहिले, सांगण्यासारखे त्यांना काही दिसले नसावे.

अक्कांनी मान मागे टाकली आणि चेहरा वर केला.

"अवं, शेंडा दिसतोय का?"

अण्णांनी विजेरी वर धरली. प्रकाशाची ती बारीक रेघ एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, तिथून तिसऱ्या फांदीवर चढत गेली, पानांच्या काळोखात शिरली आणि कुठेतरी वर संपली. खात्री केल्याशिवाय उत्तर देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी जागा बदलून पाहिले, मान आणखी मागे टाकून पाहिले. मग विजेरी बंद केली.

"न्हाय," ते म्हणाले. "मलाबी दिसत न्हाय."

"मग बरोबर निवडलंसा," पद्माक्का म्हणाल्या.